काम आवडतं, तरी माणसं सोडून का जातात?

प्रश्न थोडक्यात असा: डिमेन्शिया झालेल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांची एक छोटी टीम मी सांभाळते. दरवर्षी आम्ही त्यांच्याकडून समाधानाचा फॉर्म भरून घेतो. ‘तुम्हाला हे काम आवडतं का?’ यावर जवळजवळ सगळ्या जणी ‘खूप’वर खूण करतात. आणि त्यांच्यातल्याच चांगल्या, हात बसलेल्या जणी काही महिन्यांत राजीनामा देतात. पगार वाढवणं माझ्या हातात नाही. मग चुकतंय कुठे? आणि पगाराखेरीज काही करण्यासारखं आहे का?

तुमचा फॉर्म खोटं सांगत नाहीये. तुमच्या कर्मचाऱ्यांना काम खरंच आवडतं, आणि त्या खरंच सोडून जातात. हे कोडं वाटतं, कारण समाधान म्हणजे एकच आकडा, असं आपण धरून चालतो. मी आधी स्वतः हे काम केलं आहे आणि नंतर अशा टीम्स सांभाळल्या आहेत. काम प्रिय आणि नोकरी नकोशी, ही अवस्था मी दोन्हीकडून पाहिली आहे.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये असंच काहीसं मांडलं होतं. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गच्या आसपासच्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं, की नोकरीत तुम्हाला विशेष छान कधी वाटलं आणि विशेष वाईट कधी वाटलं. छान वाटल्याच्या आठवणींत काम तडीस जाणं, कुणीतरी दखल घेणं, जबाबदारी मिळणं आणि मुळात ते काम, हे विषय येत होते. वाईट वाटल्याच्या आठवणींत संस्थेचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची परिस्थिती. म्हणजे आनंद एकीकडून येतो आणि वैताग भलतीकडून. एकाने दुसरा खोडला जात नाही. या सिद्धांतावर टीका भरपूर झाली. माणसं यशाचं श्रेय स्वतःकडे घेतात आणि अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडतात, मग उत्तरं अशीच येणार, हा त्यातला रास्त आक्षेप. ऑफिसात बसणाऱ्यांवरून जगाबद्दल बोलणंही जरा धाडसाचंच. पण घरोघरी जाऊन केलेल्या डिमेन्शियाच्या कामाला ही विभागणी जितकी चपखल बसते, तितकी ती मी दुसरीकडे कुठे बसलेली पाहिलेली नाही. आजींबरोबरचा तास समाधान देऊन जातो. त्या तासाच्या अलीकडे-पलीकडे जे घडतं, ते माणसाला घालवतं.

आधी तो तास नीट पाहू, कारण तिथे काय चालतं हे ऑफिसमध्ये बसलेल्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं.

या आजारात माणूस बरा होत नाही. ऑपरेशननंतर पेशंट चालायला लागला की नर्सला जे मिळतं, ते इथे कधीच मिळणार नाही. आलेख खालीच जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. त्यामुळे इथे टिकणारी माणसं यश मोजायचं स्वतःचं माप तयार करतात. आज आंघोळ भांडणाशिवाय झाली. आज आजोबा दरवाज्याकडे धावले नाहीत. आज तिने माझं नाव घेतलं नाही, पण मी आत आल्यावर खांदे सैल सोडले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९८०-९० च्या दशकांत सांगितलं, की डिमेन्शियात माणसाची जी अवस्था दिसते ती फक्त मेंदूच्या ऱ्हासाची नसते. आजूबाजूचे लोक त्याच्याशी कसे वागतात, याचाही त्यात वाटा असतो. त्याला घाई करणं, त्याच्यादेखत त्याच्याबद्दल बोलणं, लहान मुलासारखं दटावणं, याने माणूस आणखी खचतो. कर्मचाऱ्याच्या बाजूने याचा अर्थ मोठा होतो. आजार माझ्या हातात नाही, पण आजची सकाळ बऱ्यापैकी माझ्या हातात आहे. नोकरीतलं समाधान इथे रुजतं.

आणि यात कसब लागतं. आंघोळीचंच घ्या. नकार देणाऱ्या माणसाला ‘हट्टी’ म्हणून मोकळं होणं सोपं. सरावलेली कर्मचारी आधी कारण शोधते. थंडी वाजते का? परक्या माणसासमोर उघडं होण्याची लाज आहे का? डोक्यावरून येणाऱ्या पाण्याची भीती आहे का? फरशी चकाकते म्हणून ती खोल पाण्यासारखी दिसते का? मग ती खोली आधी उबदार करते, खांद्यावर टॉवेल तसाच ठेवते, पायांपासून सुरुवात करते, दुसरा एक छोटा टॉवेल त्यांच्याच हातात देते, आणि एवढं करून जमलं नाही तर आजचा दिवस अंग पुसण्यावर भागवते. जी बाई कूस बदलताना अचानक मारायला लागली आहे, तिला बहुधा कुठेतरी दुखतंय, हे ती ओळखते. एक-दोन दिवसांत माणूस एकदम बदलला, जास्त गोंधळला किंवा उलट गुंगल्यासारखा झाला, तर डिमेन्शिया वाढला असं म्हणून सोडून द्यायचं नसतं. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवीन गोळी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं असतं. कोपऱ्यात लहान मुलं बसलेली दिसतात, असं कुणी शांतपणे सांगत असेल तर तेही कळवायला हवं. डिमेन्शियाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात असे भास पुष्कळदा होतात, आणि भास थांबवायला सहज दिली जाणारी काही औषधं त्या प्रकारात फार धोकादायक ठरतात.

हे सगळं पहिल्यांदा कुणाला दिसतं? डॉक्टरला नाही. महिन्यातून एकदा येणाऱ्या सुपरवायझरलाही नाही. रोज सकाळी जी अंग पुसते, तिला दिसतं. आता तिने ते कळवलं आणि पुढे काहीच झालं नाही, असं पाच-सहा वेळा घडलं, की ती कळवायचं थांबते. काम ती करत राहते, फॉर्मवर ‘खूप आवडतं’ असंही लिहिते, पण नोकरीतून तिचं मन निघालेलं असतं. माझ्या मते राजीनाम्याची खरी तारीख ही असते. कागद नंतर येतो.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं मॉडेल इथे उपयोगी पडतं. कामाचा ताण जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त पोखरते. नुसता ताण तितका त्रास देत नाही. ताण मोठा असला तरी काय करायचं हे ठरवण्याची मोकळीक असेल तर माणूस त्यातून शिकतोही. आपल्या क्षेत्रात गंमत अशी, की त्या बंद दाराआड कर्मचारी मिनिटामिनिटाला निर्णय घेत असते, आणि कागदोपत्री तिला कसलाच अधिकार नसतो. पेशंटच्या काळजीच्या लेखी योजनेत ‘सकाळी ९ वाजता आंघोळ’ असं लिहिलेलं. आजींना संध्याकाळची वेळ मानवते, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलेलं. तरी ९ चे ५ करायला तिला तीन लोकांना विचारावं लागतं.

आता त्या तासाबाहेरच्या गोष्टी. संस्थेत राहणाऱ्या पेशंटची काळजी आणि घरी जाऊन केलेली काळजी यांत मुख्य फरक एकटेपणाचा. संस्थेत हात टेकले की शेजारच्या खोलीतून कुणालातरी हाक मारता येते. घरी मारता येत नाही. तिथे आपण पाहुणेही नसतो आणि घरचेही नसतो. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या पद्धतीने, दुसऱ्याच्या नजरेखाली काम करायचं असतं.

त्यात चोरीचा आळ. डिमेन्शियात वस्तू कुठेतरी ठेवून विसरणं आणि मग ती कुणीतरी उचलली अशी पक्की खात्री होणं, हे इतकं नेहमीचं लक्षण आहे की नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. आळ बहुतेक वेळा सर्वांत जवळ वावरणाऱ्यावर येतो, म्हणजे घरच्या कुणावर तरी किंवा आपल्या कर्मचाऱ्यावर. घरच्यांचा फोन ऑफिसमध्ये येतो. त्या फोनवर समन्वयकाच्या, म्हणजे कुणी कुठल्या घरी जायचं हे ठरवणाऱ्याच्या, तोंडून निघालेलं पहिलं वाक्य कर्मचाऱ्याच्या कानावर गेल्याशिवाय राहत नाही. ‘आम्ही तिला विचारतो’ आणि ‘या आजारात असं होतं, आपण मिळून शोधू, आणि तिची बाजूही ऐकून घेऊ’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. खरी चोरी कधीच होत नाही असं माझं म्हणणं नाही, चौकशी करावीच. पण चौकशी कशी होईल हे आधी लिहून ठेवलेलं असावं, घरच्यांना काम सुरू होतानाच सांगितलेलं असावं, आणि मौल्यवान वस्तू कुठे आहेत याची नोंद घरच्यांनी आधीच करून ठेवलेली असावी. हे केलं नाही, तर प्रामाणिक माणूस एका आळानंतर निघून जातो आणि राजीनाम्यावर कारण लिहितो: ‘घरगुती अडचण’.

मार बसतो, चिमटे बसतात, नको तिथे हात लावला जातो. मेंदूच्या पुढच्या भागाला बाधा करणाऱ्या प्रकारांत संयम सुटणं हा आजाराचाच भाग असतो. पेशंटला दोष द्यायचा नाही, हे सगळ्यांना पटतं. मात्र त्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी असा काढला जातो, की मग तक्रारही करायची नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेला १९० क्रमांकाचा करार कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाबद्दल आहे. ज्या खासगी जागेत काम चालतं ती जागाही तो कामाचं ठिकाण मानतो, आणि बाहेरच्या व्यक्तींकडून होणाऱ्या त्रासाचाही विचार करायला सांगतो. पेशंट निर्दोष आहे आणि कर्मचाऱ्याला लागलेलं आहे, या दोन्ही गोष्टी एका नोंदीत मावतात. त्या नोंदीनंतर त्या घरी दोघींना मिळून पाठवणं, वेळ बदलणं, डॉक्टरांना औषधं पुन्हा तपासायला सांगणं यांपैकी काहीतरी घडलेलं तिला दिसलं पाहिजे.

मग खोटं बोलण्याचा प्रश्न. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण कर्मचाऱ्यांना रात्री झोप लागत नाही ती बऱ्याचदा यामुळे. आजी विचारतात, ‘हे अजून आले नाहीत?’ त्यांचे यजमान वारून वर्षं झालेली. खरं सांगितलं तर त्या आत्ता ऐकल्यासारख्या रडतात, आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारतात. ‘येतील थोड्या वेळात’ म्हटलं तर आपण रोज फसवतोय असं वाटतं. मुलगी म्हणते खरं सांगा, मुलगा म्हणतो सांगू नका, ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं की विषय बदला. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून दाखवलं, की चेहऱ्यावर ठरावीक भावना आणणं हेसुद्धा श्रमच आहेत आणि त्यांची किंमत शरीराला-मनाला मोजावी लागते. आपल्याकडे हा श्रम दुप्पट आहे, कारण भावना तर आणायचीच, वर कोणती आणायची हेही एकटीने ठरवायचं. मी स्वतः ‘तुम्हाला त्यांची आठवण येतेय, कसे होते ते?’ असं विचारून त्या भावनेला वाट देण्याच्या बाजूची आहे; पुष्कळदा त्याने काम होतं, कधीकधी नाही होत. पण उत्तर कुठलंही असो, ते एका कर्मचाऱ्यावर सोडू नका. प्रत्येक घरासाठी टीम आणि घरचे मिळून एक उत्तर ठरवा आणि लिहून ठेवा. एवढ्याने तिच्या डोक्यावरचं ओझं अर्धं होतं, आणि यात एक पैसाही लागत नाही.

मृत्यूबद्दलही बोलायला हवं. दोन वर्षं ज्यांना रोज भरवलं, ते गेले, हे कर्मचाऱ्याला कसं कळतं? बऱ्याच ठिकाणी फोनवरच्या एका मेसेजने: उद्याची सकाळची भेट रद्द, त्या वेळेत दुसरा पत्ता. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं, जे समाज दुःख म्हणून मान्यच करत नाही. ही नातेवाईक नाही, मग हिला कसलं सुतक? तर पहिलं म्हणजे, ही बातमी समन्वयकाने स्वतः फोन करून द्यावी. दुसरं, अंत्यविधीला जायचं असेल तर तेवढी सुट्टी बिनातक्रार द्यावी. तिसरं, त्याच वेळेत लगेच नवीन घर भरू नये. निदान काही दिवस ती वेळ तिला सरावाच्या घरी द्यावी.

‘माया लागू नये म्हणून आम्ही दर काही आठवड्यांनी माणसं बदलतो,’ असं सांगणारे समन्वयक मला भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. डिमेन्शिया असलेल्या माणसाला दर वेळी नवा चेहरा म्हणजे दर वेळी परका माणूस घरात शिरणं. त्याची भीती वाढते, नकार वाढतात, मार वाढतो. कर्मचाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर वर सांगितलेलं सगळं कसब त्या एका माणसाच्या ओळखीवर उभं असतं. ओळख तोडली की कसबही जातं, आणि उरतं ते फक्त अंगमेहनतीचं काम. म्हणजे समाधानाची जी एकमेव खात्रीची जागा होती, तीच आपण व्यवस्थेच्या नावाखाली बुजवतो. अपवाद एकच: फार अवघड घर एकीच्या गळ्यात कायमचं टाकू नये. अशा घरी दोन किंवा तीन जणी ठेवाव्यात, पण त्याच दोन-तीन. सुट्टी, आजारपण यालाही त्यांच्यातलीच दुसरी जाईल. मायेचा धोका असतो, नाही असं नाही. स्वतःचा फोन नंबर देणं, सुट्टीच्या दिवशी जाऊन येणं, घरच्यांच्या भांडणात पडणं, हे सगळं होतं. त्यावर नियमित बोलत राहणं हा उपाय आहे.

थकव्याबद्दल, म्हणजे ज्याला बर्नआउट म्हणतात त्याबद्दल, फार लांबण लावत नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांच्या मांडणीत त्याचे तीन भाग आहेत: भावनिकदृष्ट्या रिकामं होणं, समोरच्याला माणूस म्हणून पाहणं सुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. दुसरा भाग बोलण्यातून आधी ऐकू येतो. ‘जोशी आजी’ऐवजी ‘ती ओरडणारी’ असं येऊ लागलं, की समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना तो आजार नसून कामाशी निगडित स्थिती आहे, आणि ती कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या दीर्घ ताणातून येते, असं स्पष्ट म्हटलं. म्हणून ध्यानधारणेचं एक सत्र घेऊन टाळ्या वाजवणाऱ्या संस्थांबद्दल मला थोडी चीड आहे. सत्र वाईट नसतं. पण ड्यूटीचा तक्ता तोच ठेवून श्वास मोजायला लावणं, हा सगळा भार पुन्हा तिच्याच अंगावर टाकणं झालं.

आता पगार. तुम्ही म्हणता तो हातात नाही. मी हे मान्य करते, पण अर्धंच. जर्मन समाजशास्त्रज्ञ योहानेस झीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला विचार असा, की घातलेल्या कष्टांच्या मानाने परतफेड कमी पडली की माणूस आजारी पडतो. आणि परतफेडीत पैसा, मान आणि नोकरीची शाश्वती-बढती हे तिन्ही येतं. तासाचा दर तुमच्या हातात नसेल. पण एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ कामाचा धरायचा की नाही? पेशंट अचानक दवाखान्यात भरती झाला तर त्या आठवड्याचे तास कुणाचे बुडणार? भेट आयत्या वेळी रद्द झाली तर? मुलाखतीत सांगितलेली रक्कम आणि हातात पडणारी रक्कम यांतली फट बहुतेक याच तीन ठिकाणी असते. दर न वाढवताही यातलं काहीतरी बदलता येतं, आणि वरिष्ठांकडे मागायचंच असेल तर आधी हे मागा. मनापासून काम करणारी माणसं पैशासाठी करत नाहीत, असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला नम्रपणे गप्प करा. त्यांना मन आहे म्हणून त्यांचं भाडं माफ होत नाही.

शिवाय बाजार त्यांच्या बाजूने आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता आणि दरवर्षी जवळपास १ कोटी नव्या लोकांची त्यात भर पडते. तुम्ही शिकवून तयार केलेली बाई बाहेर पडली, की तिला काम शोधावं लागत नाही.

हातात जे आहे त्यातलं आधी काय करावं, असं विचाराल तर माझा क्रम असा असेल. सर्वांत आधी तक्ता: कुठल्या घरी किती वेगवेगळी माणसं जातात हे मोजा. हा आकडा बहुतेक समन्वयकांनी कधी काढलेलाच नसतो, आणि पहिल्यांदा काढल्यावर धक्का बसतो. तो कमी करा. तक्ता बनवण्याचं कामच शक्य असेल तर कर्मचाऱ्यांच्या छोट्या गटाकडे द्या. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये सुरू झालेली ब्युर्टझोर्ग ही घरी जाऊन शुश्रूषा करणारी संस्था जास्तीत जास्त १२ जणांच्या टीमवर चालते. कुणी कधी कुठे जायचं हे टीमच ठरवते, डोक्यावर मॅनेजर नसतो. ते प्रशिक्षित नर्सेसचं काम आहे आणि त्यामागे तिथली विमा व्यवस्था आहे, म्हणून सगळंच्या सगळं उचलता येणार नाही. पण ज्यांना घरं ठाऊक आहेत त्यांनी वेळापत्रक लावावं, एवढी गोष्ट कुठेही लागू पडते. सुरुवातीला ओढाताण होते, कोण सकाळची पाळी घेणार यावरून रुसवे-फुगवे होतात. होऊ द्या. तुम्ही मध्यस्थी करा, तक्ता हातात परत घेऊ नका.

त्यानंतर, अवघड भेटीनंतर फोन उचलणारं माणूस. ठरलेलं, नावानिशी, संध्याकाळीसुद्धा. दहा मिनिटं ऐकणं पुरतं, बऱ्याचदा सल्ला लागतही नाही. आणि महिन्यातून एकदा दीड-दोन तास टीमने एकत्र बसून एका घराबद्दल बोलणं, तेही कामाच्या वेळेत धरून. त्यात तपासणी नको. ‘का नाही केलंस’ हा प्रश्न एकदा जरी आला, तर पुढच्या महिन्यात सगळं ‘ठीक चाललंय’ ऐकू येईल. ट्रेनिंगबद्दल माझा अनुभव असा, की एका दिवसाच्या शिबिराने उत्साह येतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. शिकलेलं कुठल्या घरात कसं लावायचं, हे या बैठकांतूनच मुरतं.

घरच्यांना विसरू नका. घरी राहणाऱ्या पेशंटची बहुतेक काळजी तेच घेत असतात, आणि रात्रीची सगळी. ते दमलेले असतात, अपराधी वाटून घेत असतात, आणि तो राग कधीकधी आपल्या माणसावर निघतो. काम सुरू होतानाच काय करणार, काय करणार नाही, तक्रार कुणाकडे करायची, हे स्पष्ट सांगितलेलं असेल तर निम्मे खटके टळतात. कर्मचारी सगळ्या घराची कामवाली नाही, हे सांगण्याचं अवघड काम तिच्यावर टाकू नका. ते तुमचं आहे.

शेवटी तुमचा फॉर्म. पहिली अडचण ही, की तो भरतात त्या राहिलेल्या. गेलेल्यांचं मत त्यात नसतंच. दुसरी, छोट्या टीममध्ये निनावी असं काही नसतं, तुम्हाला अक्षर ओळखू येतं आणि त्यांना ते माहीत असतं. तिसरी, सगळ्या उत्तरांची बेरीज केली की कामाबद्दलचं प्रेम बाकीचं झाकून टाकतं. मानसशास्त्रज्ञ पॉल स्पेक्टर यांनी १९८५ मध्ये केलेल्या नोकरीतल्या समाधानाच्या प्रश्नावलीत ३६ विधानं आहेत आणि ती नऊ बाजूंत विभागली आहेत: पगार, बढती, वरिष्ठ, इतर लाभ, दखल, नियम-पद्धती, सहकारी, कामाचं स्वरूप, संवाद. ती वापरा किंवा स्वतःची करा, पण प्रत्येक बाजू वेगळी वाचा. ‘कामाचं स्वरूप’ उंच आणि ‘नियम-पद्धती’ खाली असं चित्र तुमच्याकडे निघेल, असा माझा अंदाज आहे. गेलेल्यांना दोन-तीन महिन्यांनी फोन करा. राजीनाम्याच्या दिवशी कुणी खरं सांगत नाही, नंतर सांगतात. आणि जे आहेत त्यांना फॉर्मऐवजी समोर बसवून एक प्रश्न विचारा: ‘गेल्या महिन्यात तू सांगितलेल्या कुठल्या गोष्टीमुळे पेशंटच्या योजनेत बदल झाला?’ उत्तर आलं नाही, तर कुणाकडे सांगितलं होतं आणि ते पुढे कुठे अडकलं, हे त्याच बैठकीत शोधायला लागा.